‘गमत नाही’ आणि डिप्रेशन: कसं ओळखायचं, नागपुरात मदत कुठे घ्यायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘मला डिप्रेशन आहे’ असं सांगत डॉक्टरांकडे येणारी माणसं आपल्याकडे थोडीच. बाकीच्यांचं गाऱ्हाणं वेगळ्या शब्दांत असतं: ‘गमून नाही राहिलं’, ‘झोपच लागून नाही राहिली’, ‘जीव घाबरते’, ‘डोकं भणभणते’. आजार तोच असू शकतो. म्हणून प्रश्नही लोक विचारतात तसेच घेतले आहेत.

गमत तर कोणालाच नाही कधी कधी. मग डिप्रेशन कशाला म्हणायचं?

दिवस मोजा आणि अडलेली कामं मोजा. मुलगी सासरी गेली, बदली गडचिरोलीला झाली, निकाल बिघडला, की कोणालाही गमत नाही. पण त्यात चढउतार असतो. जुना मित्र आला, तर्री-पोहे खायला बाहेर पडलं, की तासभर का होईना माणूस खुलतो. डिप्रेशनमध्ये हे खुलणंच बंद पडतं. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग २ आठवडे किंवा जास्त मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि त्यापायी नोकरी, अभ्यास, स्वयंपाक, शेती यांपैकी काहीतरी अडतंय, असं असेल तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली. २ आठवड्यांची ही मुदत निदानाच्या निकषांतलीच आहे.

घरात मृत्यू झाला असेल तर हिशेब थोडा निराळा. दुःखाचे उमाळे येतात आणि ओसरतात, आठवण निघाली की रडू येतं, मधे माणूस हसतोही. याउलट ‘मीच नालायक, माझ्यामुळेच सगळं झालं’ हा सूर दिवसभर लागून राहिला, तर नुसता शोक म्हणून सोडून देऊ नका.

लक्षणं नेमकी कोणती?

डॉक्टर ९ गोष्टी बघतात. त्यांतल्या ५ तरी हव्यात, आणि त्या ५ मध्ये पहिल्या दोनपैकी एक हवीच.

पहिली दोन म्हणजे उदासपणा आणि आवड मरणं. आवड मरणं लवकर दिसून येतं, फक्त बघणाऱ्याला ते माहीत हवं. क्रिकेटची मॅच लागलेली असते आणि माणूस पडद्याकडे नुसता बघत असतो; स्कोअर विचारला तर सांगता येत नाही.

मग झोप. रात्री ११ ला डोळा लागतो, ३ ला टक्क उघडतो आणि उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडून राहायचं. सकाळ सगळ्यात जड जाते, संध्याकाळी थोडं हलकं वाटतं. हा नमुना सांगितला की डॉक्टरांचे कान टवकारतात. काहींचं उलट असतं, दिवसाचे बारा-बारा तास झोपूनही थकवा जात नाही. भूक आणि वजनाचंही तसंच, कमी किंवा जास्त. प्रयत्न न करता महिन्यात ५ टक्के वजन बदललं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर नोंद घ्या.

पुढची लक्षणं आळस वाटून घरच्यांच्या शिव्या खातात. काहीच न करता थकवा. हालचाल आणि बोलणं मंदावणं: मेथी निवडायला बसलेली बाई अर्धा तास तीच जुडी हातात धरून बसते, प्रश्न विचारला तर उत्तर चार सेकंदांनी येतं. किंवा याच्या उलट, एका जागी बसवतच नाही. लक्ष न लागणं, साधा निर्णय न होणं. कोणता शर्ट घालू इथेच गाडी अडते. स्वतःबद्दल अपराधी वाटणं. आणि नववं, मरणाचे विचार. त्यावर खाली वेगळं लिहिलं आहे.

पण तो तर ऑफिसला जातो, हसतो, बोलतो.

जाऊ शकतो. सौम्य आणि मध्यम आजारात माणूस बाहेर सगळं निभावतो आणि घरी येऊन कोसळतो. त्याला विचारायचं ते ‘काम करतोस का’ असं नाही. ‘पूर्वी जे एका तासात व्हायचं त्याला आता किती वेळ लागतो’ असं विचारा. रडणं ही काही अट नाही. पुष्कळांना रडूही येत नाही, सगळं बधिर झाल्यासारखं वाटतं.

पुरुषांमध्ये उदासपणापेक्षा चिडचिड आधी दिसते. पोरांवर ओरडणं, गाडी बेफाम चालवणं, दिवसाला दोन खर्ऱ्यांचे सहा होणं, शनिवारची दारू रोजची होणं. घरचे म्हणतात दारूमुळे असा झाला, तो म्हणतो टेन्शनमुळे पितो. दोन्ही खरं असू शकतं. दारू पूर्ण सुटल्यावर ३-४ आठवड्यांनी मन पुन्हा तपासलं की कोणाचा वाटा किती ते कळतं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भ्रम, फीट येऊ शकते आणि ते जिवावर बेततं. हे डॉक्टरांच्या देखरेखीतच करायचं.

छातीत धडधड, पाठदुखी, गॅस. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे. म्हणजे नाटक का?

नाटक नाही, दुखणं खरंच असतं. झोप, भूक, वेदना आणि मन यांचं काम मेंदूत एकमेकांत गुंतलेलं असतं, त्यामुळे एक बिघडलं की दुसरं बोलतं. आपल्याकडे मनाचं बोलायची सवय नाही, म्हणून शरीरच आधी तक्रार करतं. मग ईसीजी, एंडोस्कोपी, एमआरआय यांत पैसा जातो आणि फाईल जाड होते. दोन-तीन तज्ज्ञांनी ‘काही नाही’ म्हटलं असेल तर चौथ्या स्कॅनआधी एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

उलट बाजूही सांगायला हवी. शरीराचे काही आजार डिप्रेशनचं सोंग घेतात. थायरॉईड मंदावला तर थकवा, वजनवाढ, उदासी. हिमोग्लोबिन कमी, बी-१२ कमी (शाकाहारी घरांत हे फार दिसतं), साखर बिघडलेली, किंवा स्टेरॉईडसारखी एखादी चालू गोळी. म्हणून सुरुवातीला सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन), टीएसएच (थायरॉईड), बी-१२ आणि साखर या तपासण्या बहुतेक डॉक्टर करून घेतात. एवढ्या पुरतात; मोठं पॅकेज घ्यायची गरज नाही.

घरबसल्या तपासता येतं का?

निदान नाही होत, अंदाज येतो. पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते, मराठीतही आहे. गेल्या २ आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला: अजिबात नाही ०, काही दिवस १, अर्ध्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज २७ पर्यंत जाते. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ बऱ्यापैकी तीव्र, २० किंवा त्यावर तीव्र. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यात १ जरी आला तरी बेरीज विसरा आणि त्याच दिवशी कोणाशी तरी बोला.

एक चूक सर्रास होते. लोक कालच्या भांडणानंतर यादी भरतात आणि आकडा पाहून घाबरतात. प्रश्न कालचा नसतो, १४ दिवसांचा असतो.

बाळंतपणानंतर सून सारखी रडते. आई म्हणते, होतं असं.

पहिल्या आठवड्यात होतंच. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू, चिडचिड, आणि २ आठवड्यांत आपोआप निवळतं. त्यापुढे टिकलं, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, ‘मी चांगली आई नाही’ हे पालुपद, तर ते प्रसूतीनंतरचं डिप्रेशन. अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं आहेत, त्यामुळे ‘दूध तुटेल’ या भीतीने थांबू नका. आणि तिला कानात आवाज येत असतील, बाळाबद्दल विचित्र संशय घेत असेल, दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नसेल, तर ती तातडीची वेळ आहे. सव्वा महिना संपायची वाट बघायची नाही.

आजोबा विसरायला लागले आहेत. स्मृतिभ्रंशच ना?

कदाचित डिप्रेशन. म्हाताऱ्या माणसांत ते विसराळूपणाच्या रूपात येतं. एक ढोबळ खूण अशी: डिप्रेशनमधला माणूस ‘मला काही आठवत नाही’ अशी स्वतःच तक्रार करतो आणि प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो. स्मृतिभ्रंशाचा माणूस चुकतो, पण चुकलेलं लपवतो किंवा काहीतरी ठोकून देतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, तपासणीशिवाय ठरवू नका.

मुलगा नीटची तयारी करतोय. खोलीबाहेर येत नाही. मोबाईल काढून घ्यावा का?

आधी बोला. किशोरवयात डिप्रेशन बऱ्याचदा चिडचिडीच्या रूपात दिसतं. टेस्टचे मार्क एकदम घसरणं, मित्रांचा ग्रुप सोडणं, आंघोळ टाळणं, दिवसा झोप आणि रात्री जागरण, या गोष्टी नव्याने सुरू झाल्या आहेत का ते बघा. मोबाईल हे अनेकदा कारण नसतं; दुसरं काही करवत नाही म्हणून हात तिकडे जातो. मेसवर किंवा हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाला रविवारच्या फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय’ याआधी ‘झोप कशी आहे, जेवतोस का’ हे विचारा. उत्तर बदलतं.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काऊन्सेलर... जायचं कोणाकडे?

सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. औषध लिहिण्याचा अधिकार त्याला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार आणि चाचण्या करतो, औषध देत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर राग यायचं कारण नाही. काऊन्सेलर हा शब्द मात्र कोणीही पाटीवर लावतो, तिथे शिक्षण विचाराच.

सौम्य असेल तर सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात चालते. मध्यमच्या वर असेल, झोप-भूक गेली असेल, मरणाचे विचार असतील, तर आधी सायकियाट्रिस्ट. काहीच ठरत नसेल तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना सांगा, ‘शरीराचं नाही, मनाचं बोलायचंय.’ हे एक वाक्य आधी बोललं नाही, तर पाच मिनिटांत ॲसिडिटीची गोळी घेऊन बाहेर याल.

नागपुरात सरकारी सोय कुठे आहे?

मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे. मेयोत, म्हणजे इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात आहे. मिहानमधल्या एम्समध्येही आहे. आणि छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, राज्यातल्या चारांपैकी एक. बाकीची तीन ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला. गावात त्याला अजून ‘पागलखाना’ म्हणतात आणि त्या एका शब्दामुळे कित्येक घरं तिथली बाह्यरुग्ण सेवा घेत नाहीत. ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे. चिठ्ठी काढायची, तपासून घ्यायचं, औषध घेऊन घरी यायचं.

सरकारी ओपीडी सकाळची असते, लवकर पोचा. आधार कार्ड आणि जुने कागद सोबत ठेवा. जिल्ह्यातल्या गावांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. आपल्या तालुक्यात त्याचं पथक कधी येतं ते ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंकडे विचारा.

घरातून निघणंच होत नसेल तर टेलि-मानस: १४४१६. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, २४ तास, मराठीतही. फोन लागला की भाषा निवडायची, समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढे डॉक्टरांशी जोडून देतो.

पहिल्या भेटीत काय होतं?

साधारण ३० ते ४५ मिनिटं बोलणं. सरकारी गर्दीत कमी वेळ मिळतो, म्हणून तयारी करून जा. अर्ध्या कागदावर एवढं लिहा: त्रास कधीपासून, झोप किती वाजता ते किती वाजता, वजन, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या (बीपीच्या, आयुर्वेदिक, मेडिकलवाल्याने दिलेल्याही), दारू-खर्रा किती, घरात कोणाला असा आजार किंवा आत्महत्या. आणखी एक फार महत्त्वाची गोष्ट: आयुष्यात कधी सलग काही दिवस झोपेशिवाय भलताच उत्साह, वायफळ खर्च, मोठमोठ्या गप्पा असं झालं होतं का? झालं असेल तर आजार बायपोलर (उदासी आणि भलता उत्साह या दोन टोकांत झुलणारा) असू शकतो, आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जातो. ही माहिती पेशंट स्वतः सहसा देत नाही, कारण त्याला तो काळ चांगला वाटलेला असतो. घरच्यांनी सांगावी.

गोळ्यांची सवय लागते का? किती दिवस घ्यायच्या?

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून सविस्तर.

डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या, उदाहरणार्थ एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, यांची दारूसारखी तलफ लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांची. त्या डॉक्टर सुरुवातीला थोडे आठवडे देतात आणि मग काढतात. घोळ असा होतो की या गोळीने पहिल्याच रात्री बरं वाटतं, मुख्य गोळीने वाटत नाही. माणूस मुख्य गोळी सोडतो आणि झोपेची ओळखीच्या दुकानातून आणत राहतो. वर्षभराने डिप्रेशन तसंच आणि वर गोळीची सवय.

मुख्य गोळीचं वेळापत्रक ध्यानात ठेवा. पहिले ८-१० दिवस फायदा नाही, त्रासच: मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. २ ते ४ आठवड्यांत फरक सुरू होतो, आणि तो आधी घरच्यांना दिसतो: झोप सुधारते, उत्तरं पटकन येतात. पूर्ण परिणामाला ६ ते ८ आठवडे लागतात. बरं वाटल्यानंतर पुढे किमान ६ महिने चालू ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्यांदा आजार आला असेल तर जास्त काळ.

उपचार फसतात ते बहुतेक दोन जागी. एक दहाव्या दिवशी, ‘फायदा नाही’ म्हणून. दुसरं तिसऱ्या महिन्यात, ‘आता बरं आहे’ म्हणून. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येऊ शकतात; लोक त्यालाच सवय समजतात. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात तेव्हा हा त्रास सहसा होत नाही किंवा कमी होतो.

लैंगिक इच्छा कमी होणं हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. पेशंट लाजतो आणि सांगण्याऐवजी गोळी बंद करतो. सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. २५ वर्षांखालच्यांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढतात का यावर लक्ष ठेवायचं. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल घेत असाल तर आधी कळवा, दोन्हींचं एकत्र जमत नाही.

उन्हाळ्यात काही वेगळी काळजी?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून घ्यावी लागते. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांनी घाम कमी येतो आणि अंग तापतं. लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असेल तर शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं प्रमाण वाढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या, तोल जाणं दिसलं तर लगेच दवाखाना. लिथियमवाल्यांनी पाणी आणि मीठ दोन्ही नेहमीसारखं ठेवायचं, मीठ अचानक बंद करायचं नाही. म्हाताऱ्या माणसांत एस्सिटालोप्रॅमसारख्या नव्या प्रकारच्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. गुंगी आणि बरळणं ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून देऊ नका.

नुसत्या बोलण्याने काय होणार?

सौम्य-मध्यम आजारात बरंच होतं. सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) ही पद्धत आठवड्याला एक बैठक, ४५-५० मिनिटं, साधारण १२ ते १६ बैठका अशी चालते. तिथे सल्ला मिळत नाही, गृहपाठ मिळतो. एक तंत्र आजही सुरू करता येईल: मनाची वाट न बघता कामाची वेळ ठरवणं. ‘बरं वाटलं की फिरायला जाईन’ नाही, तर ‘सव्वासहाला चपला घालून फुटाळ्याच्या रस्त्याला १० मिनिटं’. दहाच. पहिल्याच दिवशी तासभर ठरवणारा तिसऱ्या दिवशी घरात बसतो.

‘कोणीतरी केलंय’ असं घरचे म्हणतात.

ताजबागला जा, टेकडीच्या गणपतीला जा, मनाला आधार मिळत असेल तर अडवायचं कारण नाही. गोळी मात्र चालू ठेवायची. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असा ‘उपचार’ करणाऱ्यावर राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा दाखल होतो.

तो डॉक्टरकडे यायलाच तयार नाही.

‘तुला मानसिक प्रॉब्लेम आहे’ या वाक्याने दार बंद होतं. झोपेपासून सुरू करा: ‘महिनाभर तू ३ वाजता उठतोस, झोपेसाठी दाखवू.’ तारीख-वेळ तुम्ही घ्या, गाडी तुम्ही काढा. नंबर शोधून फोन करणं हेच त्याला डोंगर वाटत असतं. तरी नाही म्हणाला तर तुम्ही एकटे जा किंवा १४४१६ वर तुम्हीच बोला. चहातून लपवून औषध देऊ नका, कळलं की विश्वास कायमचा जातो. आणि ‘लोकांना खायला नाही, तुला काय कमी आहे’ हे बोलणं टाळा. त्याच्या डोक्यात ते आधीच शंभरदा वाजलेलं असतं.

‘जगून काय उपयोग’ असं म्हणतो. विचारलं तर विचार डोक्यात भरवल्यासारखं होईल ना?

नाही होत. सरळ विचारा: ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने उलट मोकळं वाटतं. हो म्हणाला तर दचकू नका, उपदेश करू नका, पुढचं विचारा: कसं, कधी, काही ठरवलंय का. ठरवलेलं असेल तर त्याला एकट्याला सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायचं. वाहन नसेल तर १०८, तातडीसाठी ११२.

घरात तेवढ्यात करायचं काम: सगळ्या गोळ्या आणि फवारणीचं औषध कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, शक्यतो शेजाऱ्याकडेच ठेवा. टोकाची लहर बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, तेवढा वेळ साधन हाताशी नसणं हेच पुष्कळदा वाचवतं. डॉक्टरांना एका वेळी आठवड्याचीच औषधं द्यायला सांगा.

काही घेतलं असेल तर ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका, मीठ-पाणी पाजू नका. डबा किंवा रिकामी पट्टी सोबत घ्या आणि निघा. रुग्णालय पोलिसांना कळवतं, त्या भीतीने उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ ठेवलेलंच नाही.

ऑफिसात कळेल का? विम्यातून पैसे मिळतात का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गोपनीय आहे. डॉक्टर ती कंपनीला परस्पर देऊ शकत नाही. रजेसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रावर काय लिहायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरणं बंधनकारक आहे, पण बहुतेक पॉलिसी भरतीचाच खर्च देतात, ओपीडीचा नाही. पॉलिसीचा कागद काढून बघा.

बरं झाल्यावर परत येतं का?

पहिल्यांदा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुढे कधीतरी पुन्हा होतं. प्रत्येकाची सुरुवात सहसा ठरलेली असते: कोणाची पहाटेची झोप जाते, कोणी फोन उचलणं सोडतं, कोणाला भाजीत मीठ कळत नाही. बरं असताना आपल्या अशा दोन-तीन खुणा कागदावर लिहा, डॉक्टरांचा नंबर आणि पूर्वी लागू पडलेल्या गोळीचं नाव-मात्रा खाली लिहा, आणि कागद घरातल्या एका माणसाजवळ देऊन ठेवा. खुणा सलग आठवडाभर दिसल्या की अपॉइंटमेंट त्याने घ्यायची, तुम्हाला न विचारता.